थ्री नॉट थ्रीचा आडवा स्क्रू

लाकूड नुसतं हुंगून मी त्याचं गाव सांगतो. यात बढाई नाही. बढाईच मारायची असती तर त्या गावच्या सरपंचाचंही नाव सांगतो असं म्हटलं असतं. सागवान दांडेलीचं की ब्रह्मदेशाचं, हे मला दारातूनच कळतं, आणि बाभूळ असेल तर तिच्या सावलीला कोणाची शेळी बसायची, हेही थोडंफार कळतं. दोह्यात मला एकोणीस वर्षं झाली. मजलिस म्हणजे इथल्या घरांतली पाहुण्यांची बैठक. या शहरातल्या निम्म्या मजलिशींचे दरवाजे माझ्या हातचे आहेत, आणि उरलेल्या निम्म्या मनातल्या मनात झुरत असतात.

त्यामुळे एका सकाळी मुदीरनं मला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं ठेवलं, तेव्हा मला वाटलं, असेल एखाद्या पलंगाचा पाय. मुदीर म्हणजे आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपचा मालक. चाळिशीतला कतरी माणूस, परदेशात शिकलेला, शांत. आमच्याशी हिंदी बोलतो, तीही आमच्यापेक्षा बरी. त्यानं चादर उलगडली आणि आत निघाली बंदूक. खोटं कशाला सांगू, मी तीन पावलं मागे सरलो. मागे भिंत होती म्हणून तीनच.

"घाबरू नकोस," तो हसून म्हणाला. "नळी वेल्डिंग करून बंद केलीय, आतलं सगळं काढून टाकलंय, पोलिसांचा कागद आहे. ही आता बंदूक नाही, फर्निचर आहे. म्हणून तर तुला बोलावलं."

मी जवळ गेलो आणि तिला ओळखलं. थ्री नॉट थ्री! महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हिची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या गावात निवडणूक आली की शाळेच्या व्हरांड्यात हवालदार हिला भिंतीला टेकवायचा आणि शेजारी बसून भाकरी खायचा. गावातलं कुत्रंसुद्धा तिला भीत नव्हतं. पण समोरच्या बंदुकीची दशा बघवत नव्हती. उंटानं चघळून थुंकल्यासारखी दिसत होती. नळीवरचं लाकूड गायब. दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी गायब, तिथं दूध पावडरच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. पट्टा अडकवायची कडी गायब.

"ही माझ्या आजोबांची," मुदीर म्हणाला, आणि मग त्यानं खरं दुखणं सांगितलं.

त्याचे वडील पंच्याऐंशीच्या पुढचे. डोळे जवळजवळ गेलेले. मुदीरनं शहराबाहेर नवं घर बांधलं, सगळं कुटुंब तिकडे गेलं, पण म्हातारा अल हिलालमधल्या जुन्या घरातून हलेना. एकटाच तिथल्या मजलिशीत बसून राहायचा. त्या घराला पायऱ्याच पायऱ्या. दोनदा पडला होता. समजूत घालून घालून सगळे थकले, तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला होता: माझ्या बापाची बंदूक जिथं असेल, तिथं मी बसेन. पण आधी हात लावून बघेन.

"तिसऱ्यांदा पडायच्या आत मला त्यांना न्यायचंय," मुदीर म्हणाला. "बंदूक होती तशी झाली पाहिजे. सगळे भाग त्या काळातले. ओरिजिनल." आणि त्यानं इंटरनेटवरून काढलेला एक मोठा रंगीत फोटो माझ्या हातात दिला. विलायतेतल्या कुठल्या तरी संग्रहातली अशीच बंदूक, नव्या नवरीसारखी चकचकीत. "अशी."

"पंधरा दिवस," मी म्हणालो. मला कुठलंही काम पंधरा दिवसांचंच वाटतं. ताजमहाल सांगितला असता तरी मी पंधराच म्हणालो असतो.

फरीज बिन ओमरानमध्ये मी ज्याच्याबरोबर खोलीत राहतो तो मालवणचा. बस चालवतो. मी संध्याकाळी हे सांगितलं तर तो भाजी ढवळता ढवळता म्हणाला, "तू सुतार मां रे? तोफखान्यात कधी भरती झालंस?"

"अरे, लाकडाचंच काम आहे."

"मेल्या, आज लाकूड म्हणतंस. उद्या रणगाडो घेऊन येशीत, म्हणशीत सीटा बदलूची आसत."

दुसऱ्या दिवशी मी बंदूक माझ्या टेबलावर आडवी घेतली आणि पहिल्याच तासात मला एक पाप दिसलं. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, जरा पुढं, लाकडाच्या आरपार, कुणीतरी एक स्क्रू आडवा घुसवला होता. काळा पडलेला, डोकं लाकडाच्या बरोबरीनं घासलेलं. आता माझ्या आज्यानं मला शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की लाकूड लाकडाला धरतं. ज्याला ते धरायला लावता येत नाही तो खिळा मारतो. आमच्या घराण्यात खिळा मारलेलं दार दिसलं तर बायका पदर तोंडाला लावायच्या. मी फोटो काढून पाहिला. विलायती फोटोत स्क्रूबिक्रू काही नव्हता. म्हणजे हा नंतरचा उद्योग. लाकूड चिरायला लागलं असेल म्हणून कुण्या अडाण्यानं ठोकला, दुसरं काय?

काढला. भंगाराच्या डब्यात टाकला. भोकात अक्रोडाच्या लाकडाची खुंटी बसवली, रेषेला रेष जुळवली, तेल चढवलं. भोक असं बुजलं की मुंगीनं भिंग घेऊन शोधलं असतं तरी ती हात हलवत परत गेली असती. दुसऱ्या दिवशी मला स्वतःला ते सापडेना. त्या कामाचा मला इतका अभिमान वाटला की दुपारी मी दोन माणसांचं जेवलो.

मग मी मामाला फोन लावला. माझा धाकटा मामा जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागारात होता. एकतीस वर्षं त्यानं थ्री नॉट थ्री दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन कोल्हापूरजवळ गावी राहतो आणि माणसांपेक्षा बंदुकांची जास्त आठवण काढतो. मी त्याला काय काय गायब आहे त्याचे फोटो पाठवले. त्याचा अकरा मिनिटांचा आवाजी निरोप आला. त्यातली सहा मिनिटं खोकला आणि दोन मिनिटं अंगणातल्या कोंबडीला शिव्या; पण उरलेली तीन सोन्याची.

"हे बघ लेका," मामा म्हणत होता, "थ्री नॉट थ्री एक न्हवं, छप्पन्न हैत. दर दोन वर्षांनी तिच्यात काय ना काय बदललंय. तुझ्या त्या शेठनं फोटो दिलाय त्यात डाव्या बाजूला गोल तबकडी हाय बघ, लांबचा नेम धरायची. ती तुझ्या बंदुकीला लावशील तर मी तुझा मामा न्हवं. गळ्याजवळच्या लोखंडावर साल बघ. त्या सालापातूर तबकडी बंद केलेली. लढाईच्या घाईत कोण तबकड्या बसवत बसतंय? बैलगाडीला इंडिकेटर लावल्यागत दिसंल. ज्या सालाची बंदूक, त्या सालाचाच भाग."

मी हे मुदीरला सांगितलं, अर्थात माझंच ज्ञान म्हणून. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हा मला सर म्हणणार.

मग सुरू झाली शोधाशोध. सुक वाकिफमध्ये जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथल्या एका हैदराबादी दुकानदारानं मला नळीवरचं लाकूड दाखवलं. काळपट तांबूस, कडा झिजलेल्या, इतकं जुनं की हातात घेताना मी चप्पल काढणार होतो.

"एकदम अस्सल, मियाँ," तो म्हणाला. "पहिल्या लढाईतलं आहे."

मी लाकूड नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. "याला वेलदोड्याचा वास येतोय."

"तो? तब के सिपाही भी चाय पीते थे."

"करक पीते थे? दूध मार के?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका मोठ्यानं हसला की बाहेरच्या पिंजऱ्यातले पोपट गप्प झाले. करक म्हणजे इथला वेलदोडा घातलेला दुधाचा कडक चहा; नवं लाकूड त्याच्या पातेल्यात बुडवून त्यानं ते म्हातारं केलं होतं. मला राग येईना. एका थापाड्यानं दुसऱ्या थापाड्यावर रागवायचं म्हणजे न्हाव्यानं न्हाव्याकडून दाढीचे पैसे घेण्यासारखं. त्यानं मला स्टुलावर बसवलं, त्याच पातेल्यातला असावा असा चहा पाजला, आणि चहा पिता पिता मला दिसलं: त्याच्या पावतीपुस्तकाच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेली चीज म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी! तीच ती, मध्ये झाकण असलेली. आत तेलाची कुपी ठेवायची जागा असते त्यावरचं. या महाशयांना पत्ताच नव्हता. मी चेहरा असा ठेवला, जसा कर चुकवताना व्यापारी ठेवतो. त्याच्या दुकानाचं दार जमिनीला घासत होतं. म्हटलं, मी दार नीट करून देतो, हे वजन मला दे, मला पितळेची आवड आहे. दार झालं, पट्टी माझी झाली. आजही तो मला भेटला की म्हणतो, "मियाँ, लुटलंस तू मला," आणि मी म्हणतो, "दार उघडून बघ, मग बोल."

नळीवरचं लाकूड मात्र मिळेना. कडी मुदीरनंच कुठल्या लिलावातून मागवली. लाकडासाठी मी महिनाभर दोह्यातली सगळी अडगळ हुंगली. पंधरा दिवस केव्हाच संपले होते, पण ते कुणी विचारलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. शेवटी अल मन्सूरामध्ये, आमच्या नेहमीच्या खानावळीच्या मागे, कचऱ्याच्या पेटीशेजारी एक जुनं विलायती टेबल पाय वर करून पडलेलं दिसलं. पाय अक्रोडाचे. मी तिथंच गुडघ्यावर बसून हुंगलं. जुना, सुकलेला, ना तेल ना पॉलिश, आत दाट चॉकलेटी रेषा. खानावळीतून हात धुवायला बाहेर आलेल्या दोघांनी मला तशा अवस्थेत पाहिलं आणि ते हात न धुताच परत आत गेले.

त्या पायातून मी नळीवरचं लाकूड कोरून काढलं. मुदीरनं विचारलं, "ओरिजिनल?"

"मुदीर, या झाडानं दोन्ही लढाया पाहिल्यात," मी म्हणालो. झाडानं त्या कुठून पाहिल्या, हे त्यानं विचारलं नाही.

तर अशी ती बंदूक तयार झाली आणि एका दुपारी मुदीर आणि मी ती घेऊन अल हिलालला गेलो. जुन्या मजलिशीत म्हातारा भिंतीशी गादीवर बसला होता. काटकुळा, पांढरीशुभ्र दाढी, हातात जपमाळ. त्याची हिंदी मुंबईची होती, तीही साठसत्तर वर्षांपूर्वीची, "क्या समझा?" म्हणायचा तेव्हा जुन्या सिनेमातला शेठ बोलतोय असं वाटायचं.

"बाबा, नज्जार आलाय," मुदीर म्हणाला. नज्जार म्हणजे सुतार.

म्हाताऱ्यानं बंदूक मांडीवर घेतली. हात बुडाकडे गेला. पितळेवरून बोटं फिरली. "हं." मग नळीवरच्या लाकडावर. जरा थांबून म्हणाला, "ये नया है. अच्छा है." मी मुदीरकडे पाहिलं नाही. मुदीरनं मात्र माझ्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याचा अंगठा डावीकडून सरकत सरकत मॅगझिनच्या पुढं गेला आणि तिथं थांबला. मागे आला, परत गेला. अंधारात माणूस दिव्याचं बटण चाचपडतो तसा. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग त्यानं बंदूक मांडीवरून उचलली आणि माझ्या दिशेनं पुढं केली.

"ये मेरे बाप का नहीं है. किसी और का है. ले जाओ."

"बाबा, तीच आहे!" मुदीर म्हणाला.

"माझे डोळे गेलेत. हात नाही गेला."

बाहेर गाडीपाशी मुदीरनं मला विचारलं, अगदी हळू आवाजात, "वर्कशॉपमध्ये दुसरी बंदूक आली होती का? कुणी बदलली का?" एकोणीस वर्षांत त्यानं माझ्यावर पहिल्यांदा शंका घेतली. मी जोतिबाची शपथ घेतली, आईची घेतली, आणि एवढ्यावर भागेना तेव्हा माझ्या रंध्याची घेतली. पण अंगठा काय शोधत होता ते मला कळलं होतं. लाख थापा मारणाऱ्या माणसाला एक साधं खरं वाक्य सापडू नये, याला काय म्हणावं?

वर्कशॉपमध्ये येऊन मी मामाला थेट व्हिडिओवर घेतलं आणि बुजवलेल्या भोकाच्या जागी बोट ठेवलं. "मामा, इथं एक आडवा स्क्रू होता. मी काढला."

मामानं चष्मा लावला आणि नाक मोबाईलला टेकवलं.

"काढलास?"

"फोटोत नव्हता."

"अरं गाढवा! तो फोटो विलायतेतच राहिलेल्या बंदुकीचा! तुझी बंदूक जन्मली तिकडं, पण नोकरी केली आपल्याकडं. हितल्या उन्हापावसात पुढचं लाकूड फाकायचं, म्हणून आपल्या कारखान्यांत आरपार स्क्रू मारायचे. माझ्या हाताखालनं हजारो गेल्या, बिनस्क्रूची एक न्हवती. तो स्क्रू म्हंजे तिनं हिंदुस्थानात काढल्याली उमर हाय. आन् तू हिंदुस्थानी असून तोच उपटलास? साहेबाचा फोटो बघून?"

"मला वाटलं कुणा अडाण्यानं मारलाय."

"त्यो अडाणी म्हंजे आपणच की रं."

मी भंगाराचा डबा पालथा घातला. तो केव्हाच दोनदा रिकामा झालेला. तरी दोरीला चुंबक बांधून मी वर्कशॉपचा सगळा भुसा गाळला. शंभर खिळे, एक मिक्सरचं पातं आणि कुणाची तरी हरवलेली चावी निघाली. तो स्क्रू नाही. लेथवर नवा करावा म्हटलं, तर मामानं धमकी दिली: "चकचकीत नवा स्क्रू घातलास तर मी विमानानं येऊन कानाखाली देईन. थांब जरा."

आणि मग त्यानं सांगितलं ते ऐका. निकामी ठरलेल्या थ्री नॉट थ्रीची चिरलेली लाकडं पोलीस लाईनीत बंबात जायची. निम्म्या लाईनीचं आंघोळीचं पाणी म्हणे त्या अक्रोडावर तापायचं, आणि म्हणूनच आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसांचा रंग उजळ. लाकूड जळायचं, स्क्रू राखेत उरायचे. मामानं ते वेचून ठेवले होते, खोबरेल तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. का? "टाकवत न्हवतं," एवढंच म्हणाला.

माझा रूममेट तेव्हा सुट्टीवर मालवणला होता आणि आठवड्यात परतणार होता. गुडघे दुखतात म्हणून सख्ख्या पुतणीच्या लग्नाला न गेलेला माझा मामा एसटीनं घाट उतरला आणि सावंतवाडीच्या स्टँडवर जाऊन त्याला तीन स्क्रू देऊन आला. रूममेट खोलीत शिरला तोच हात जोडून.

"तुझ्या मामान माका स्टँडार अर्धो तास उभो केल्यान. ह्यो असो धर, तसो धर, पाण्यात नको, उन्हात नको. माझ्या बायलेक पण मी इतक्या जपान घराक नाय आणलंय!"

मुदीरला मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, स्क्रू काढला होता आणि आता परत बसवतोय, इतकं. टाकून दिला हे गाळलं. म्हाताऱ्यासाठी तर मी एक फर्मास गोष्टच रचली होती: स्क्रू मी जपून तेलात भिजत ठेवला होता, गंज काढायला, आणि विसरून गेलो. तेल कुठलं, वाटी कुठली, सगळं तयार. खुंटी काढली, तिघांतला जो भोकात घट्ट बसला तो स्क्रू घातला, डोकं लाकडाच्या बरोबरीला घासलं. काळा तर तो बंबातूनच होऊन आलेला. माझ्या डोळ्यांना तो हुबेहूब वाटला.

पुन्हा अल हिलाल. पुन्हा ती गादी. म्हाताऱ्यानं या वेळी पितळ बघितलं नाही, दस्ता बघितला नाही. अंगठा सरळ तिथं गेला आणि टेकला. मी तेलाच्या वाटीची गोष्ट सुरू करायला तोंड उघडलं.

"ऊंचा है," म्हातारा म्हणाला.

"बाबा?"

"तो लाकडाच्या खाली होता. जरासा. अंगठा आत बसायचा. हा वर आहे." मग डोळे माझ्या दिशेला वळवून, "तो कुठंय?"

वाटी गेली, तेल गेलं. "फेकला, बाबा," मी म्हणालो. "मला वाटलं कुणाची तरी चूक आहे. मी काढला, भोक बुजवलं, स्क्रू कचऱ्यात टाकला. हा दुसरा आहे. माझ्या मामाकडचा. असल्याच बंदुकीचा, पण दुसऱ्या."

मुदीरनं कपाळाला हात लावला. म्हातारा जपमाळेचे मणी सरकवत राहिला. पाच-सात मणी गेले असतील.

"कानस आणलीय?"

"आणलीय."

"बस इथं."

मी त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घातली. बंदूक त्याच्या मांडीवर, मी वाकून घासतोय. दोन हात मारले की तो मला थांबवायचा, अंगठा टेकवायचा आणि म्हणायचा, "और." मुदीर म्हणाला, "बाबा, आता चालेल ना? गाडी उभी आहे." तर म्हातारा म्हणाला, "तुला काय माहीत? तू तेव्हा होतास?" और. दोन हात. अंगठा. और. आयुष्यात मी असं काम केलं नव्हतं. माप नाही, गुण्या नाही, पट्टी नाही. समोरचा एक आंधळा अंगठा हेच माप. घामानं माझी कानस निसटत होती. एकदा मी चार हात मारले तर ओरडला, "दोन! दोनच!"

मध्येच तो बोलायला लागला, आमच्यापैकी कुणाला असं नाही. बाप मोती घेऊन मुंबईला जायचा. एका खेपेला ही तिकडून घेऊन आला. हा तेव्हा पाच-सहा वर्षांचा. बाप उंटावर पुढं बसायचा, बंदूक त्याच्या पाठीवर आडवी, आणि पोरगं मागं. धरायला दुसरं काही नव्हतं. बापाचा सदरा घामानं निसटायचा. मग तो बंदुकीचं लाकूड धरायचा, आणि अंगठ्याला तो खळगा सापडायचा. "खळग्यात अंगठा असला की मी पडत नसे," तो म्हणाला. "झोप लागली तरी."

मुदीरनं हे कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तो हळूच खाली, माझ्या शेजारी येऊन बसला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर कानशीचा काळा चुरा पडत होता, तरी हलला नाही.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली, म्हाताऱ्यानं बसल्या जागी नमाज पढला, मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो, परत बसलो. और. दोन हात. अंगठा. और. मग एकदा त्यानं अंगठा टेकवला आणि उचललाच नाही. नखाचं टोक आत बुडालं होतं, इतकंच. केसाएवढं.

"खलास," तो म्हणाला.

आणि उठला. कुणाचा हात न धरता, बंदूक काखेत मारून, त्या जीवघेण्या पायऱ्या स्वतः उतरला. मुदीर एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, दोघांचे हात हवेत. गाडीत तो पुढच्या सीटवर बसला, बंदूक गुडघ्यांमध्ये उभी. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसानं ती पाहिली आणि सिग्नल हिरवा झाला तरी तो जागचा हलला नाही. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

नव्या मजलिशीची भिंत माझीच होती. सागवानी पॅनेल, अकरा दिवस पॉलिश, तोंड बघून भांग पाडावा अशी. बंदुकीसाठी दोन पितळी खुंट्या मी माणसाच्या डोक्याच्या वर, बरोब्बर मधोमध बसवल्या होत्या. मुदीरनं बंदूक त्यांवर ठेवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि वडिलांना खाली गादीवर बसवलं. म्हाताऱ्यानं बसल्या बसल्या हात वर केला. हवेत फिरवला. हात पुरला नाही.

"किधर है?"

"वर आहे बाबा. भिंतीवर. छान दिसतेय."

"कोणाला दिसतेय?"

मुदीर माझ्याकडे बघायला लागला, मी पॅनेलकडे. त्या लाकडात एक ओरखडा पडू नये म्हणून मी माणसांना मोजे घालून आत सोडलं होतं. मी खुंट्या काढल्या. वरची दोन भोकं तशीच उघडी राहिली. ती बुजवायचा विचारही माझ्या मनात आला नाही. म्हाताऱ्याच्या खांद्याजवळ, त्याचा अंगठा सहज पोचेल अशा उंचीवर मी पेन्सिलीनं खूण केली आणि ड्रिल हातात घेतलं. मुदीरनं डोळे मिटून घेतले.

"यल्ला, चलो, नज्जार," म्हातारा भिंतीला पाठ टेकत म्हणाला. "और नीचे. मला झोप लागली तरी पुरली पाहिजे."

मी खूण चार बोटं खाली आणली आणि भोक पाडलं.